परक्या देवापुढचा भात

देवावर माझा विश्वास आहे, पण आमचं दोघांचं फारसं पटत नाही. देवाचे अनुभव सांगणारी माणसं बहुधा डोळे पुसत सांगतात. मला ते जमणार नाही. माझ्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल मी कणसरीची ऋणी आहे आणि तिच्यावर चिडलेलीही आहे. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. कणसात दाणा भरतो तो तिच्यामुळे, आणि भरला नाही तरी बोल मात्र माणसालाच. मागे आमच्या भागातल्या वावर गावाकडे भुकेने पोरं गेली तेव्हा ही देवी कुठे होती, असं मी लहानपणी एकदा आईला विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

आमचा पाडा मोखाड्याच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. आश्रमशाळेत मी कराटे शिकले, पुढे जव्हारला सरांकडे शिकत राहिले. जिल्हा झाला, राज्य झालं, आणि थायलंडच्या स्पर्धेत माझं नाव लागलं. पाड्यातल्या बायकांनी मला ओवाळलं. थायलंड कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नकाशात शोधावं लागलं. मी हवेत तरंगायला हवं होतं. पण घरात आजा अंथरुणाला खिळला होता. छाती कफाने भरलेली, अंगात त्राण नाही. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ आम्हाला कळत होता.

शेतात भात पिकत आला होता. आमच्याकडे नवा तांदूळ घरात आला म्हणून कुणी लगेच शिजवत नाही. भगत येतो, कणसरीची मांडणी करतो, तिला पहिला घास देतो, आणि मग सगळं घर एकत्र बसून जेवतं. याला आम्ही नवं खाणं म्हणतो. ते होईपर्यंत नव्या तांदळाचा दाणा तोंडात घालायचा नाही, मग तो आपला असो की परक्याचा. आजाने खोकत खोकत, घरच्यांचं न ऐकता, स्वतः या भाताची लावणी केली होती. आता त्याला काहीच खाववत नव्हतं. नव्या तांदळाची पेज तेवढी पोटात जाऊ दे, मग मी मोकळा, हे एकच तो घोकत असे. निघताना मी पाया पडले आणि म्हटलं, कापणी झाली की नवं करून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. आजा हेकट. मीही त्याचीच नात.

"घरातला मानूस भायेर असताना नवा नाय खायाचा," तो म्हणाला. "तू येशी तवा खाऊ."

बा त्याला समजावून थकला. मी कोपऱ्यातल्या कणसरीपुढे उभी राहिले आणि दोन गोष्टी मागितल्या. एक पदक, कारण पदक असेल तर खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळते असं सर म्हणत. आणि दुसरं, मी परत येईपर्यंत आजाला राहू दे.

तिकडे गेल्यावर पहिल्याच जेवणात मी सरांना विचारलं, हा भात जुन्या तांदळाचा आहे की नव्या? सर आधी हसले आणि मग त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. संघातल्या मुलींना चेष्टेला विषय मिळाला. रोज ताटावर बसताना कुणीतरी विचारी, काय गं, आजचा तांदूळ देवाला चालतो का? मी भाताला हात लावला नाही. तिथल्या शेवयाही तांदळाच्याच. मग पाव, केळी, अंडी. आजा तिकडे माझ्यासाठी तोंड बांधून बसलाय आणि मी इथे नवा भात ओरपतेय, हे मनाला पटेना. हा शहाणपणा होता असं मी म्हणत नाही. त्यात पाणी बाधलं आणि पोट बिघडलं.

वजनाच्या दिवशी मी काट्यावर उभी राहिले आणि माझ्या गटाला लागतं त्याहून हलकी निघाले. बाकीच्या मुली वजन उतरवायला घाम गाळत होत्या, आणि मोखाड्याची मुलगी कमी भरली. लहानपणी अंगणवाडीत झोळीत घालून आम्हाला काट्याला टांगायचे आणि ताई कपाळाला हात लावायच्या. विमानात बसून एवढ्या लांब आले तरी काटा तोच. पुन्हा वजन करायला थोडा वेळ देतात, तेव्हाही कमी भरलं तर बाद. सर ओरडले, जा, भात खा, पाणी पी, आणि देवाचं नाटक बंद कर. मी रडत बाहेर आले. त्या क्षणी मला सर, आजा आणि कणसरी या तिघांचाही सारखाच राग आला होता.

बाहेर रस्त्यालगत एक बाई जेवण विकत होती. तिच्या दुकानाशेजारी खांबावर देवाचं लहानसं घर होतं, लाल-सोनेरी, झेंडूची माळ घातलेलं. आत उदबत्ती, पाण्याचा पेला आणि वाटीत पांढरा भात. मी त्या वाटीकडे बघत राहिले. बाईने मला पाहिलं, माझ्या अंगातला कराटेचा पोशाख पाहिला, रडका चेहरा पाहिला. एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने हात जोडले, देवाला हळूच काहीतरी विचारल्यासारखं केलं, ती वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. इथेही आधी देवाला घास देतात, एवढंच मला उमगलं. तो भात जुना की नवा, हे मी विचारलं नाही. वाटी संपली तशी तिने आणखी वाढला, वर रस्सा ओतला. मी खात होते आणि ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

वजनात मी कशीबशी बसले. पण जीवाला घोर लागला. घरी नवं झालेलं नसताना मी खाल्लं होतं, आणि हे घरी कळवायलाच हवं होतं. पाड्यात फोनला रेंज नसते. जव्हारच्या बाजारात हमाली करणाऱ्या काकाला फोन लावला आणि सांगितलं, मी खाल्लंय, देवापुढचं खाल्लंय, आता माझ्यासाठी थांबू नका, आजच नवं करा. काका मिळेल त्या जीपने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच लढतीत मी हरले. समोरची मुलगी माझ्याहून चांगली होती, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. परतीच्या विमानात सर माझ्यापासून लांबच्या रांगेत जाऊन बसले. घराच्या ओट्यावर पाऊल ठेवलं तेव्हा आजा नव्हता. आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं.

मी मागितलेल्या दोन गोष्टींपैकी एकही मिळाली नव्हती. पिशवी भिंतीवर आपटून मी कणसरीला नको ते बोलले. आईने मला बोलू दिलं. मग सांगितलं, की भात कापून घरात आलेलाच होता, काका निरोप घेऊन आला त्याच संध्याकाळी भगताला बोलावून नवं केलं. आई पेज घेऊन गेली तर आजाने तोंड फिरवलं. बाने त्याच्या कानाशी सांगितलं, पोरीनं तिकडं देवापुढचा भात खाल्लाय.

"पोशीनं खाल्ला ना?" आजाने विचारलं. "मंग मना वाढा."

त्याने वाटी संपवली आणि आणखी मागून घेतली. म्हणाला, गोड लागला.

मी तिकडे पहिल्याच वेळी वजनात भरले असते, तर त्या बाईसमोर जाऊन उभी राहिले नसते आणि घरी फोनही केला नसता. आजा माझी वाट बघत उपाशीच गेला असता. हे कुणी जुळवलं, की आपसूक जुळलं, याचा वाद मी घालत नाही. पदक मिळालं नाही याचं दुःख आहे, आजाचा चेहरा शेवटचा दिसला नाही याचं तर आहेच. हल्ली कणसरीपुढे बसले की मी मागत काही नाही. राग आला तर तोही तिच्यापुढेच ठेवते आणि ती देईल ते घेते. आजा नव्या भाताची पेज पिऊन गेला. आमच्या भागात भरल्या पोटी जाणं सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही.