पांडा आणि पडताळणी

द्वारका चौकातल्या बसथांब्यावर आम्ही विज्ञानाची पत्रकं वाटत होतो. या वेळी पांडाची माहिती होती. अंबडच्या कारखान्याचा खाकी शर्ट घातलेल्या एका माणसाने पत्रक घेतलं आणि ओठ हलवत वाचलं. वाचताना तो शर्टाचं वरचं बटण सारखं लावत-काढत होता.

"म्हंजे ह्यो बांबू खातो, तरी अस्वलच?"

"अस्वलच, काका. काही शास्त्रज्ञ त्याला रॅकून नावाच्या छोट्या प्राण्याच्या कुळात घालायचे. शेवटी जनुकं तपासली आणि वाद मिटला. काय खातो त्यावरून कूळ ठरत नाही."

त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. तो पेठ तालुक्याकडचा आदिवासी. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण जमातीची पडताळणी बाकी होती. उद्या समितीसमोर जायचं होतं. लग्नात कोणता देव पुजता, मयताला काय करता, असं विचारतात म्हणे. पोर अंबडच्या खोलीत वाढलेली. तिला काय ठाऊक?

माझं डोकंच फिरलं. माणसाची जमात तोंडी परीक्षेवर ठरवायची? "घाबरू नका," मी म्हणालो. "शास्त्रज्ञांचंसुद्धा चुकतं."

"त्यांचं चुकलं तवा पांडाचा बांबू कुणी बंद केला नाय, भाऊ. माझ्या पोरीचं कॉलेज बंद व्हईल."

मग त्याने पत्रक उलटून पाहिलं. "ह्याच्यावर शिक्का मारून द्या ना. साहेबांना दाखवतो."

शिक्का आमच्याकडे नव्हता. त्याने पत्रक तसंच खिशात ठेवलं.

आज ती पडताळणी आहे. त्याने ते पत्रक खरंच टेबलावर ठेवलं, आणि पोरीसमोर सगळे हसले, तर?