खिशातले फ्यूज

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी इमारत थंडोबा म्हणायची, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द त्याच्या बायकोने. तिला स्वतःला लोक ठिणगी म्हणत, पण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

ती घरीच पडदे शिवायची. दोरा सुईत गेला नाही तर सुईचा उद्धार, गिऱ्हाईकाने माप चुकीचं सांगितलं तर गिऱ्हाईकाच्या सात पिढ्यांचा. पण मनात काही नाही. दूध उतू जावं तसा तिचा राग, गॅस बंद केला की लगेच खाली. पाच मिनिटांनी त्याच गिऱ्हाईकाला चहा पाजायची आणि आपण काय बोललो ते साफ विसरायची. याला ती मोकळा स्वभाव म्हणे. दूध ज्यांच्या अंगावर सांडायचं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

नवरा दुसऱ्या टोकाचा. घरातला दिव्याचा साधा होल्डर बदलायचा, तरी आधी मेन बंद करणार, चिनी मातीचे फ्यूज उपसून खिशात टाकणार आणि मग सावकाश स्टूल शोधणार. ते फ्यूज मग धुण्याच्या बादलीत सापडत. "फ्यूज काय पळून जातात का हो?" ती ओरडायची. "असू दे," एवढंच उत्तर. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं होतं. ते लिफ्टच्या कामात मोडलं आणि फ्यूजची सवयही त्याच कामाने लावली, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि वर म्हणायची, "दगडाशी लग्न लावलं असतं, तर निदान कपडे तरी आपटता आले असते."

त्या दुपारी लेक माहेरी आलेली होती. दुकानात जाऊन येते म्हणून निघाली आणि लिफ्ट दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. लेकीला लहानपणापासून दमा. औषधाचा पंप घरात टेबलावर पडलेला.

पंप मुठीत धरून आई दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दारापाशी आली. आतून खोकला ऐकू येत होता.

"बाळा, बाबा आलेत गं! आत्ता काढतील!"

बाबा तळमजल्यावर मीटरच्या खोलीत गेले होते. तिथून बाहेर आले ते रोजच्याच चालीने, एकेक पायरी चढत. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन, ब्रेक सोडून, चाक हाताने फिरवत लिफ्ट खाली घ्यायची होती.

"अहो, धावा की! पोरगी गुदमरतेय!"

"धावलो तर वर जाऊन धापाच टाकत बसेन," तो म्हणाला आणि चढत राहिला. जाता जाता दारावर हात ठेवून लेकीला म्हणाला, "बस खाली. बोलू नकोस."

त्या क्षणी तिला नवऱ्याचा इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. आतून लेकीचा तुटका आवाज आला, "आई... पंखा बंद झाला... काही दिसत नाही..."

पंखा बंद? म्हणजे या माणसाने वीजच तोडली! आत पोर श्वासासाठी तडफडतेय आणि याने तिची हवासुद्धा बंद केली. ठिणगीला दारूगोळा मिळाला. पंप शेजारणीच्या हातात कोंबून ती जिने उतरत सुटली. मीटरच्या खोलीत मेन स्विचचा दांडा खाली ओढलेला होता. तिने तो दोन्ही हातांनी वर ढकलला.

काहीच झालं नाही.

पुन्हा खाली, पुन्हा वर. काही नाही. मग तिची नजर बाजूला गेली. फ्यूजच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

वरून लोखंडाची कुरकुर ऐकू आली. चाक फिरत होतं, लिफ्ट हळूहळू सरकत होती. म्हणजे आत्ता या क्षणी नवऱ्याचे दोन्ही हात मशीनमध्ये होते. वीज आली असती तर त्या चाकाने त्याला हातांसकट ओढलं असतं, आणि लिफ्ट पोरीला घेऊन कुठे गेली असती, देव जाणे. ती तिथेच जमिनीवर बसली.

दार उघडल्याचा आवाज आला, मग लोकांची गडबड. लेकीने पंप ओढला, लेक श्वास घेतेय, असं शेजारीण जिन्यातून ओरडली. तरी तिला उठवेना.

थोड्या वेळाने तो खाली आला. वर केलेल्या दांड्याकडे त्याने पाहिलं, मग तिच्याकडे. दांडा खाली केला.

"मीच केला," ती म्हणाली. "शिव्या द्या मला. एकदा तरी द्या."

"वाटलंच होतं."

"वाटलं होतं म्हणजे?"

"फ्यूज काढायची सवय मला कामाने लावली, असं तू सगळ्यांना सांगतेस," खिशातून फ्यूज काढत तो म्हणाला. "ती लग्नानंतर लागली. आपल्या पहिल्या खोलीत मी होल्डर बसवत होतो. तुला शिवायला दिवा हवा होता. मी थांब म्हणालो, तू मेन चालू केलास. मी स्टुलावरून पडलो."

तिने त्याच्या वाकड्या बोटाकडे पाहिलं. स्टूल कलंडलेलं आठवलं. आपण रडलो होतो, त्याला हळद लावली होती, आणि संध्याकाळी हसत पडदा पुरा केला होता. पुढचं तिला काहीच आठवत नव्हतं. त्याला सगळं आठवत होतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू भडकली असतीस."

तिला रडू फुटलं. तो एकेक फ्यूज जागेवर बसवत राहिला. पहिला फ्यूज दोनदा खाचेबाहेर गेला होता, हे तिला तेव्हा कुठे दिसलं. उठताना आधारासाठी तिचा हात दांड्याकडे गेला, तो तिने चटकन मागे घेतला.

"करू का वर?" तिने विचारलं.

"थांब."

ती थांबली. त्याने शेवटचा फ्यूज दाबून बसवला, हात बाहेर काढला, पुसला, आणि मग म्हणाला, "हां. आता कर."