सक्तीची सहल

वसुधाताईंना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. वर्गात त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसायच्या, आत्ता उठतील की मग उठतील अशा. एमआरटी, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोचा अख्खा डबा रिकामा असला तरी या बाई दाराशी उभ्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, आम्ही धडपडून टेबल मिळवायचो आणि त्या हातात ताटली घेऊन टेबलाभोवती फिरत फिरत जेवायच्या. "ताई, बसा ना हो," म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं. "बसायला सगळं म्हातारपण पडलंय."

सिंगापूरला आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. मी तेवीस वर्षांची, पुण्याहून नुकतीच आर्किटेक्ट होऊन मास्टर्सला आलेली, बुकित बातोकला एका फ्लॅटमधली खोली दोघींत वाटून राहणारी. त्या चाळिशी ओलांडलेल्या, मरीन परेडच्या कॉन्डोत नवरा, मुलगी आणि पाहुण्या आलेल्या सासूबाई असा संसार मागे टाकून रोज बस आणि एमआरटी बदलत वर्गात यायच्या. बाकीची मुलं तिथलीच, चिनी. ती त्यांना 'आंटी' म्हणायची. तिथे बसमधल्या अनोळखी बाईलाही आंटीच म्हणतात आणि त्यात वयाचा टोमणा नसतो, हे ताईंना पटायला एक सेमिस्टर गेलं. मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकू म्हणालीस तर याद राख." म्हणून त्या माझ्या ताई झाल्या. त्यांचे यजमान अनंतराव मात्र काका. नात्याचं हे गणित माझं शेवटपर्यंत जुळलं नाही.

अनंतराव एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची बदली झाली म्हणून ताईंनी नाशिकच्या कॉलेजातली नोकरी सोडली. तिथे त्या वास्तुकलेचा इतिहास शिकवायच्या. दरवर्षी पावसाळा संपता संपता ग्रीसचा धडा यायचा आणि ताई फळ्यावर एपिडॉरसचं थिएटर काढायच्या. दोरीच्या एका टोकाला खडू बांधायचा, दुसरं टोक अंगठ्याखाली दाबून धरायचं आणि अर्धवर्तुळामागून अर्धवर्तुळं मारत जायचं. "या मधल्या दगडावर उभं राहून कुजबुजलं तरी सगळ्यात वरच्या पायरीवर ऐकू येतं," असं त्या मुलांना सांगायच्या. एकदा एका आगाऊ मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्ही ऐकलंय?" हा प्रसंग ताईंनी मला निदान चारदा सांगितला असेल आणि दर वेळी त्या मुलाचा राग त्यांना नव्यानं यायचा.

त्यामुळे आमच्या प्रोफेसरांनी सुट्टीत स्पेन आणि ग्रीसचा अभ्यासदौरा काढायचं जाहीर केलं, तेव्हा पहिला हात ताईंचा वर गेला. हात कसला, त्या उभ्याच राहिल्या. "ज्यांना जमेल त्यांनीच यावं, यावर मार्क नाहीत," प्रोफेसर सांगत होते, पण ते ऐकायला ताई जागेवर होत्याच कुठे? त्या थेट पासपोर्टच्या फोटोची चौकशी करायला गेल्या होत्या.

बार्सिलोनाच्या विमानतळावर बाकी सगळ्यांचे लाल पासपोर्ट झपाझप पार झाले. निळे पासपोर्ट आमचे दोघींचेच. आमची रांग हलायला तयार नव्हती आणि ताई रांगेतल्या रांगेत येरझारा घालत होत्या. मी सहज म्हटलं, "काकांनी बरं सोडलं तुम्हाला इतके दिवस." त्या थांबल्या. मग इकडेतिकडे बघत, जणू त्या स्पॅनिश पोलिसाला मराठी येत असावं, हळूच म्हणाल्या, "घरी मी दौरा कंपल्सरी आहे म्हणून सांगितलंय. गेलं नाही तर डिग्री मिळत नाही, असं." मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. पैसे त्यांचे स्वतःचे होते, प्रश्न पैशांचा नव्हताच. "नुसतं हौस म्हणून जाते, असं म्हणायला जीभच उचलली नाही गं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालायला लागल्या.

स्पेनमध्ये आमचा अभ्यास होता चौकांचा. चौकात जाऊन तासभर एका बाकावर बसायचं आणि कोण कुठे बसतं, सावली सरकली की माणसं कशी सरकतात, म्हाताऱ्या कुठल्या बाकावर जमतात, ते कागदावर टिपायचं. सगळा अभ्यास बसण्याचा, आणि विद्यार्थिनी अशी! सेव्हिलच्या एका चौकात प्रोफेसरांनी ताईंना कारंज्याजवळचा बाक नेमून दिला. थोड्या वेळानं बघतो तर बाक रिकामा. ताई चौकाच्या दुसऱ्या टोकाला एका आजीबाईंची भाजीची पिशवी उचलून त्यांच्याबरोबर चालल्या होत्या, दोघींची आपापल्या भाषेत जोरदार चर्चा चालली होती. संध्याकाळी प्रोफेसरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मी चालणाऱ्यांचा अभ्यास केला. तेही चौकातच असतात." वेई लिंग नावाची आमची वर्गमैत्रीण टाळ्या वाजवून म्हणाली, "आंटी, यू डाय डाय कॅनॉट सिट, लाह!" मेलात तरी बसणार नाही, असं. प्रोफेसरही हसले आणि पुढच्या गावापासून ताईंना चालणाऱ्यांचंच काम मिळालं.

कोर्दोबाच्या मशिदीतल्या खांबांच्या रानात त्या हरवल्या. आम्ही सगळे बाहेर बस धरायला थांबलो होतो. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या डोळे पुसत आणि वर आमच्यावरच डाफरल्या, "काय घाई आहे रे तुम्हाला?" ही बाई, आणि आम्हाला हे विचारते! पण मला तेव्हा त्यांचा फार हेवा वाटला होता. आम्ही सगळं पाहत होतो, फोटो काढत होतो. त्या मात्र जणू वर्षानुवर्षं ओळखीच्या असलेल्या माणसांना पहिल्यांदा भेटत होत्या.

एक दिवसाआड त्या घरी फोन करायच्या. कॉलिंग कार्ड घेऊन रस्त्यावरच्या बूथमध्ये शिरायच्या आणि मी बाहेर उभी. दुपारी बटाट्याचं ते जाडजूड ऑम्लेट, भाजलेल्या मिरच्या, संत्री असं मनसोक्त जेवून बाई फोनवर सांगायच्या, "जेवणाचे फार हाल आहेत हो. नुसता ब्रेड." पाय ठणठणीत, आणि सांगणं काय, तर पाय सुजलेत. प्रोफेसर किती मवाळ माणूस, पण ताईंच्या फोनमध्ये तो उन्हातान्हात मुलांना राबवणारा मुकादम झाला होता. एकदा मी न राहवून म्हटलं, "ताई, कशाला एवढं?" तर म्हणाल्या, "सक्तीनं आलेली बाई मजेत आहे म्हणून कशी सांगेल? काहीतरी हाल नकोत का?" त्यांचं तर्कशास्त्र असं बिनतोड असायचं.

ते अथेन्समध्ये अंगाशी आलं. शनिवारची दुपार होती. ताई बूथमधून बाहेर आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानंच. अनंतराव म्हणाले होते, "हे फार होतंय. सोमवारी सकाळी मी तुमच्या डिपार्टमेंटला फोन करतो. बायकामाणसांना असं राबवायची सक्ती कसली करतात? तुला परत पाठवायला सांगतो." ताईंनी मार्क जातील म्हणून विनवलं, तर ते म्हणाले, "जाऊ देत मार्क. तुझ्या तब्येतीपुढे काय आहे ते?" आता सोमवारी डिपार्टमेंटमधली क्लार्क गोड आवाजात सांगणार होती की दौरा कंपल्सरी नव्हताच. आणि एपिडॉरस होतं रविवारी.

त्या दिवशी अ‍ॅक्रोपोलिसच्या चढावर ताई सगळ्यांच्या पुढे होत्या, पण त्यांनी काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. "चिडतील का काका?" मी विचारलं. "चिडले तर बरं गं," त्या म्हणाल्या. "त्यांना चिडता येत नाही. त्यांना वाईट वाटतं."

रविवारी बस पाइनच्या झाडीत थांबली. थिएटर दिसलं. डोंगराच्या कुशीत पायऱ्याच पायऱ्या, आणि तळाशी मातीचं वाटोळं अंगण. वेई लिंगनं मधल्या दगडावर उभं राहून कागद फाडला, कुणी टिचकी वाजवली, आणि वर बसलेली मुलं ऐकू आलं म्हणून ओरडली. मग सगळे म्हणाले, "आंटी, युअर टर्न." मी तोवर धापा टाकत सगळ्यात वरच्या पायरीवर पोचले होते. खाली ताई एवढ्याशा दिसत होत्या.

त्या दगडावर जाऊन उभ्या राहिल्या. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. येरझारा नाहीत, चुळबुळ नाही. मला वाटलं, नाशिकच्या मुलांसाठी काही बोलतील. मग अगदी माझ्या शेजारी बसून बोलावं तसा त्यांचा आवाज आला.

"अहो, ऐकताय ना? कंपल्सरी नव्हतं. कुणी सक्ती केलेली नाही. मला यायचं होतं." मग थोडं थांबून, "जेवण उत्तम आहे. पाय बिय काही सुजलेले नाहीत. मी फार मजेत आहे. इतकी मजेत की माझी मलाच भीती वाटते." मग पुन्हा, आणखी हळू, "तुम्ही नाही म्हणाला नसतात, ठाऊक आहे मला. तुम्ही बघू म्हणाला असतात. लग्न झाल्यापासून तुम्ही बघूच म्हणताय. तुमच्या बघूला कुठे जाऊन भांडू मी? म्हणून खोटं बोलले. चुकलं माझं. पण आले नसते तर जास्त चुकलं असतं."

पायऱ्यांवर विखुरलेल्या त्या पंधरा-सोळा मुलांना शब्द न् शब्द ऐकू गेला आणि एकाचाही अर्थ कळला नाही. "सो नाइस, आंटी! पोएम, इज इट?" कुणीतरी ओरडलं. मराठी कळणारी मी एकटी, सगळ्यात वर, आणि माझे डोळे भरून आले होते. वरपर्यंत ऐकू जातं हे त्या जागेबद्दल जगात ताईंइतकं कुणाला ठाऊक असणार? ते त्यांना मला ऐकवायचं होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

खाली तिकिटांच्या खिडकीजवळ बूथ होता. ताई तडक तिकडे गेल्या. काचेतून मला त्या बोलताना दिसत होत्या, मग नुसत्याच रिसीव्हर कानाला लावून उभ्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काहीच नाही. खरं काय ते सांगितलं, तुमच्या बघूपायी खोटं बोलले तेही, तर कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं कार्ड संपलं." ताईंनी पदरासारखा ओढणीचा शेव बोटाला गुंडाळला. "मग म्हणाले, बरं. आल्यावर बघू." आणि एकदम हसत सुटल्या. हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते दोघींनाही कळलं नाही. प्रोफेसर लांबून पाहत होते. त्यांनी शहाणपणानं बस आणखी थोडा वेळ थांबवली.

त्या परतल्या नाहीत, राहिलेले दिवस आमच्याबरोबरच राहिल्या. बेटावर जाणाऱ्या बोटीच्या डेकवर त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या की खलाशी त्यांना पाहून सलाम ठोकायला लागले. फोन एकदाच केला. अनंतराव सिंगापूरच्या पावसाबद्दल आणि मुलीच्या परीक्षेबद्दल बोलले म्हणे, बाकी कशाबद्दल नाही. घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय, या काळजीनं मलाच झोप लागेना.

पुढे ताईंची डिग्री झाली. अनंतरावांची पुन्हा बदली झाली आणि ते सगळे दुबईला गेले. काही दिवस ई-मेल येत राहिले. एकात त्यांनी लिहिलं होतं, की त्या तिथे पुन्हा शिकवायला लागल्यात आणि वर्गात मुलं फार बसून राहतात. मग माझंही लग्न, नोकरी, सिंगापुरातच पुंगोलचा फ्लॅट, लहान मूल यांत लिहायचं राहून गेलं. आता पत्ता विचारायलाही कुणी ओळखीचं उरलेलं नाही. कधीतरी घरात मन लागेनासं झालं, आणि ते तसं वारंवार होतं, की मला त्यांची फार आठवण येते. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, ऊठ, चल. पण त्यांना आठवायचं म्हटलं, की माझ्यासमोर सगळ्यात आधी येते ती सिंगापूरला परतलो तेव्हाची चांगी विमानतळावरची सकाळ.

आम्ही सामान घेऊन बाहेर आलो, तर कठड्यापलीकडे अनंतराव एकटेच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. ताई त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. ते म्हणाले, "बरी दिसतेस." त्या म्हणाल्या, "बरीच आहे." एवढंच. मग ट्रॉलीचं चाक अडकतंय म्हणून ताई ती बदलायला निघून गेल्या, अर्थात धावतच, आणि मी त्या सज्जन माणसासमोर सामान राखत उभी राहिले.

तेच म्हणाले, "मी बघू म्हणतो ना, ते खरंच बघायचं असतं म्हणूनच म्हणतो. मग राहून जातं." मी मान हलवली. ते छत्रीच्या मुठीकडे बघत होते. "ते थिएटर तिनं मला कागदावर काढून दाखवलं होतं. लग्नाच्या आधी. तिथे खरंच वरपर्यंत ऐकू येतं का?"

"हो, काका. सगळं ऐकू येतं."

"तू वर होतीस?"

"अगदी वर."

ताई नवी ट्रॉली ढकलत गर्दीतून येताना दिसत होत्या. त्यांच्याकडे बघतच अनंतरावांनी विचारलं, "काय बोलली ती?"

"काका," मी म्हटलं, "त्या तुमच्याशीच बोलत होत्या."