दाब, धर, सोड

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून हवा सोडायची निपल उघडायची. एका हाताने टाळी वाजत नाही, तसलंच हे काम. अप्पांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरात दुसरं माणूस उरलं नव्हतं, आणि शेजाऱ्याला हाक मारावी तर त्यांची जीभ रेटत नव्हती. म्हणून त्यांनी झाडूचा दांडा कापून सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवला होता. निपल उघडली की पेडल खाली जायचं, दांडा निसटून पडायचा, आणि अप्पा गुडघ्यांना शिव्या देत पुन्हा उठायचे.

गाडी म्हणाल तर छोटीशी, स्वस्तातली, वयाने म्हातारी. अप्पांनी ती घेतली तेव्हाच तिचा तिसरा संसार होता. शहराच्या कडेला, चढावर, जिथे बस पोचत नाही अशा ठिकाणी त्यांचं घर. त्यामुळे ती गाडी म्हणजे घरचे पायच होते. अप्पा नोकरीला पाणीपुरवठ्याच्या पंपघरात. मोटारींच्या आवाजात एकट्याने बसायचं, काटा बघायचा, आणि लांबच्या नळात हवा अडकली की जाऊन ती सोडायची. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे ते बोलायचे कमी आणि मोठ्याने. बायको म्हणायची, "अहो, मी मोटार नाही, जरा हळू बोला."

सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून गाडी उघडायचे. बायकोला यंत्राची हौस होती असं मुळीच नाही; तिला नवऱ्याच्या पसाऱ्याची धास्ती होती. काढलेला प्रत्येक भाग ती फडक्यावर ओळीने मांडायची आणि खडूने त्यावर 'डा' किंवा 'उ' लिहायची. यावरून सुरुवातीला रण माजलं होतं. अप्पा गाडीच्या नाकासमोर उभे राहून आपल्या डाव्या हाताला डावं म्हणत. बायको म्हणाली, "गाडीत बसलेल्याचा डावा तो डावा. तुम्ही काय गाडीशी कुस्ती खेळताय समोर उभे राहून?" अप्पांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग हार मानली. तेव्हापासून खडू तिच्याकडे गेला. आणि ब्रेकची हवा काढायची वेळ आली की आत तीच बसायची.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय हो. लग्न झाल्यापासून धरूनच बसलेय."

"सोड."

"हे मात्र पहिल्यांदाच ऐकतेय."

हा विनोद ती प्रत्येक चाकाला करायची आणि अप्पा प्रत्येक चाकाला हसायचे. त्यांची आणखी एक सवय होती. ब्रेक दाबला की त्यांचा हात आपोआप शेजारच्या सीटसमोर आडवा जायचा, बायको पुढे आपटू नये म्हणून. तिला पट्टा लावलेला असला तरी जायचा. "जित्याची खोड," असं म्हणून ती तो हात हळूच बाजूला करायची.

मागच्या वर्षी ती गेली. आजार लांबला नाही, एवढंच त्यातलं बरं.

नंतर लेक भेटायला आली. लेक चाळिशीला टेकली आहे, पण अप्पा तिला अजून छकुली म्हणतात आणि ती अजून चिडते. स्टेशनवरून येताना वाटेतल्या एका उतारावर पुढे एक ट्रक अचानक थांबला. अप्पांनी जीव खाऊन ब्रेक दाबला, हात आडवा घातला, आणि गाडी सावकाश, स्वतःच्या मर्जीने, ट्रकच्या अगदी पाठीशी जाऊन थांबली. छकुली पांढरीफटक पडली. घरी आल्यावर म्हणाली, "अप्पा, मी एकटी आहे म्हणून ठीक. पण माझ्या मुलीला मी या गाडीत बसवणार नाही. गाडी बदला, नाहीतर ती इथे यायची नाही." आणि खरोखरच तिने नातीला आणलं नाही. सुट्ट्या आल्या आणि गेल्या. फोनवर नात विचारायची, "आजोबा, गाडी झाली का?" अप्पा म्हणायचे, "होतेय."

गाडी विकायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. हट्टी म्हणा हवं तर; होतेच. पण शेजारच्या सीटवर बायकोच्या पाठीचा खळगा पडला होता, आणि तो नव्या गाडीत कुठून आणणार?

भंगारशेठच्या वखारीत त्याच गाडीची थोरली बहीण उभी होती: सांगाडा तोच, इंजिन मोठं, म्हणून ब्रेकही मोठे. मागून कुणीतरी ठोकलेली, पण पुढची चाकं शाबूत. भंगारशेठ म्हणाला, "अप्पा, घ्या. मोठ्या बहिणीचे कपडे धाकटीला होतात." तिच्या चार कोपऱ्यांतल्या स्प्रिंगा आणि शॉकअॅब्सॉर्बर अप्पांनी काढले, पुढच्या चाकांच्या जाड तबकड्या काढल्या, आणि त्या तबकड्यांना चिमटीत धरणारे कॅलिपरही. गाडीच्या आत सीट नव्हती, दारं दुसऱ्या गाड्यांनी दाबून टाकलेली. अप्पा तिच्या नाकासमोर उकिडवे बसले आणि खिशातला खडू काढून त्यांनी कॅलिपरवर 'डा' आणि 'उ' लिहिलं.

घरी त्यांनी आठवडाभर काम केलं. गंज तासला, नवी रबरं बसवली, स्प्रिंगा चढवल्या. गाडी ताठ उभी राहिली तेव्हा ते तिला मोठ्याने म्हणाले, "शाब्बास!" मग इकडेतिकडे बघितलं. ऐकायला कुणी नव्हतं.

पण ब्रेक काही लागेना. पेडल दाबलं की लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं. अप्पांनी दांडा लावून हवा काढली. पुन्हा काढली. ब्रेक ऑइल संपलं, ते आणलं, तेही संपलं. घोडं कुठे पेंड खातंय ते समजेना. आणि छकुलीची यायची तारीख उजाडली. या खेपेला ती गाडी बघून ठरवणार होती.

"बेटा, टॅक्सी करून ये," अप्पा फोनवर म्हणाले.

"कळलं," ती म्हणाली.

त्या 'कळलं'ने अप्पांचं काळीज तुटलं. त्यांनी भंगारशेठला फोन लावला आणि माल खराब दिलास म्हणून त्याच्यावर ओरडले.

भंगारशेठने सगळं ऐकून घेतलं. "अप्पा, निपल वर आहे की खाली?"

अप्पांनी वाकून पाहिलं. "खाली."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"मग हवा वर बसलीये आणि तुम्ही खालून नुसतं तेल काढताय! डावा उजवीकडे लावलात. जन्मभर नळातली हवा काढलीत ना तुम्ही? काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तो खो खो हसला.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी कॅलिपरवरचा खडू पाहिला. त्यांनीच लिहिलेलं 'डा'. गाडीसमोर बसून, स्वतःच्या डाव्या हाताचा. आणि घरी, फडक्यावर मांडलेला तो भाग उचलताना, अक्षर वाचलं ते तिच्या रीतीने. फडक्यावरचा खडू तिचाच असणार, हे हातांनी परस्पर गृहीत धरलं होतं. ते जमिनीवरच बसले आणि रडले. वर्षभरात पहिल्यांदाच, मोठ्याने, पंपघरात बोलायचे तसे.

छकुली आली तेव्हा कॅलिपर आपापल्या जागी गेले होते आणि अप्पांचे डोळे सुजलेले होते. तिने बॅग ठेवली. "काय झालं?"

अप्पांनी सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. ती हसायला लागली, मग तिचं हसणं मध्येच मोडलं. नाक पुसून तिने झाडूचा दांडा काढून फेकला आणि आत जाऊन बसली.

"काय करू?"

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

अप्पा थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. यायचं कारणही नव्हतं, ते छकुलीचं नव्हतंच. त्यांनी निपल उघडली. बुडबुडे आले, आणखी आले, मग नितळ तेल. "सोड," ते म्हणाले. शेवटच्या चाकानंतर छकुली आतून ओरडली, "अप्पा, हे दगडासारखं झालंय!"

दुसऱ्या दिवशी स्टेशनकडे जाताना तिने स्वतःहून उतारावर सांगितलं, "आता दाबा." गाडी जागच्या जागी थांबली. अप्पांचा हात आडवा गेला होता. छकुलीने तो बाजूला केला नाही, तसाच धरला. फलाटावर म्हणाली, "सुट्टी लागली की तिला घेऊन येते."

परतताना चौकात एक कुत्रं आडवं आलं. अप्पांनी ब्रेक दाबला. गाडी लगेच थांबली, कुणीही पुढे आपटलं नसतं इतकी छान. कुत्रं निघून गेलं, मागच्याने हॉर्न वाजवला. अप्पांचा हात अजून शेजारच्या रिकाम्या सीटसमोर आडवाच होता. तो बाजूला करायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनीच दुसऱ्या हाताने तो धरून हळूच मागे घेतला.