मी बरा आहो

गडचिरोलीच्या बसस्टँडमागं हरिदासचं टायपिंगचं दुकान. दोन हजार तीनच्या सुमारास त्यानं टाइपरायटर माळ्यावर टाकला, कॉम्प्युटर आणला आणि आसपासच्या गावांचे ईमेल त्याच्या हातून जाऊ लागले. गडी मोठा कोरडा. लोक सांगतील ते बडवायचं, कुणाचं दुःख अंगाला लावून घ्यायचं नाही, हा त्याचा बाणा.

तलावावर जाळं टाकणारा कोलू त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याचा मुलगा स्वप्निल मस्कतला मजुरीवर होता. कोलू खुर्चीत बसायचा, आधी खाकरायचा, मग म्हणायचा, "लिवा भाऊ, मी बरा आहो."

काविळीनं कोलू गेला. तेरवी उरकली आणि त्याची बायको गोकुळा दुकानात आली.

"लिवा भाऊ, मी बरा आहो."

"बाई, पण कोलूभाऊ तर..."

"पोराचा पासपोर्ट ठेकेदारापाशी हाये. त्याले येता येत नाई. तिथी एकटाच रडून रडून मरन. घरी आला का मीच सांगन त्याले."

दूरच्या माणसाला मरणाची खबर थेट द्यायची नाही, 'तब्येत जास्त आहे' एवढंच कळवायचं, ही इकडची रीत. पण मेलेल्याला बरा म्हणायची पाळी हरिदासवरही कधी आली नव्हती. मान खाली घालून त्यानं कळा दाबल्या.

सॉफ्टवेअर नवंच घातलेलं. पडद्यावर मराठी उमटलीच नाही. चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटकी इंग्रजी अक्षरं. त्यानं फॉन्ट बदलला. तेच. खोडून पुन्हा लिहिलं. तेच. मराठी फॉन्ट या सॉफ्टवेअरला झेपत नाही, बाकी काही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी भर दुपारी पाठीमागं कुणीतरी खाकरल्यासारखं वाटलं आणि तो चक्क भ्याला.

"काऊन थांबले?"

"अक्षरं फुटून राह्यली, बाई. आज राहू द्या ना."

"असं नका करू भाऊ. बापाचा ईमेल नाई भेटला तर पोरगं समजून जाईन."

मग त्यानं जुन्या प्रोग्रॅममध्ये मजकूर लिहिला, पडद्याचं चित्र काढलं आणि तेच ईमेलला जोडलं. चित्रातली अक्षरं काय फुटणार! स्वच्छ, ठसठशीत मराठीत कोलू बरा होता. हरिदासनं ईमेल पाठवला आणि मोरीवर जाऊन हातपाय धुऊन आला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गोकुळा आली, तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. हरिदासनं वाचून दाखवलं.

"बाबा, चित्रातला ईमेल भेटला. तुम्ही समोर बसून बोलून राह्यले असं वाटलं. रविवारी एसटीडीवर या, मी फोन करतो. मले तुमचा आवाज आयकाचा हाये."

गोकुळानं पदर तोंडात कोंबला. आता तरी ही खरं सांगेल, देवा, सांगू दे, असं हरिदास मनात म्हणत राहिला. तिनं डोळे पुसले, सावरून बसली.

"लिवा भाऊ. माहा गळा बसला हाये, बोलता येत नाई."

त्यानं ते लिहिलं. बोटं त्याचीच होती, पण लिहिणारा आपण नाही, असं वाटून तो बसल्या जागी गार पडला.