अकरा बाटल्यांची फिर्याद

ती घटना आठवली नाही असा आठवडा जात नाही. लोकांपुढे मी ती तीन वेळा सांगितली: एकदा प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांना, एकदा माझ्याच निरोप समारंभात आणि एकदा एका लग्नाच्या पंगतीत. तिन्ही वेळा लोकांना आवडली, कारण तिन्ही वेळा मी अर्धीच सांगितली. आज पूर्ण लिहितो. नावं कुणाची देत नाही, पण घडलेलं झाकत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मी बिदर तालुक्यातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. जनवाड्याच्या रस्त्याला एका डॉक्टरांचं शेतघर होतं. परदेशात उभी हयात काढून ते आणि त्यांच्या पत्नी इकडे परतले होते. डॉक्टरांना वाईन जमवायचा नाद. घराखाली जांभ्या दगडात त्यांनी एक खोली कोरून घेतली होती. बाहेर एप्रिलचं ऊन असलं तरी आत अंगावर शाल घ्यावीशी वाटे. तिथे लाकडी फळ्यांवर बाटल्या आडव्या निजवलेल्या. आमच्या हद्दीत दारूच्या केसेस पुष्कळ, पण न पिता वर्षानुवर्षं दारू सांभाळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

एके सकाळी डॉक्टर ठाण्यात आले ते टॅबलेट घेऊनच. अकरा बाटल्या गेल्या होत्या, आणि कोणत्या अकरा ते त्यांना चोख सांगता येत होतं. वाईन जमवणाऱ्यांसाठी एक अ‍ॅप असतं. त्यात प्रत्येक बाटलीची नोंद करायची: नाव, साल, कुठून आणली, कोणत्या फळीवर कितव्या खणात आहे, कोणत्या वर्षी उघडण्याजोगी होईल. बाटली प्यायली की 'संपली' अशी खूण करायची, मग ती साठ्यातून कमी होते. शिवाय तीच वाईन जगात ज्यांनी चाखली त्यांचे अभिप्राय तिथे वाचायला मिळतात. एक जण लिहितो, अजून दोन वर्षं थांबा. दुसरा लिहितो, उघडून तासभर तशीच ठेवा.

"मीही लिहितो," डॉक्टर म्हणाले. "माझं वाचून कुठल्या कुठे बसलेला माणूस आपली बाटली आज उघडायची की नाही ते ठरवतो, साहेब."

"आणि बाटल्या गेल्याचं कळलं कसं?"

"काल साठा पडताळला. अ‍ॅप म्हणतंय बाटली आहे आणि खण रिकामा."

चोरीच्या फिर्यादीत निम्मा अंदाजच असतो. 'पाटल्या दोन तोळ्याच्या असतील, न्हाईतर तीनच्या' असं सांगणारे फिर्यादी आयुष्यभर ऐकलेल्या मला ती यादी पाहून आनंद झाला. तिची छापील प्रत काढून मी फिर्यादीला जोडली. खरं तर तिथेच माझा तपास संपला. पुढचं सगळं मी त्या यादीला एक माणूस जुळवण्यासाठी केलं.

खोलीच्या चाव्या दोन. एक डॉक्टरांकडे, एक राखणदाराकडे. राखणदार आळंद तालुक्यातल्या खजुरीकडचे, साठीच्या पुढचे, बसवण्णांना मानणाऱ्या घरातले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. दारूच्या खोलीला न पिणाराच राखणदार हवा म्हणून डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम शोधून आणलं होतं. सकाळ-संध्याकाळ खोलीतलं तापमान वहीत लिहायचं, एवढंच त्यांचं काम.

तिसऱ्या दिवशी माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. बिदरमध्ये त्याचा भंगाराचा धंदा.

"साहेब, तुमाला बाटल्या पायजे म्हनं?"

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाला ठावं हाय. एक अप्पा यायलाय माझ्याकडं पंधरा दिवसाला. धोतर, कपाळाला इभूत. रिकाम्या बाटल्या आणायलाय, बाहेरच्या देशातल्या. मी म्हनलं, अप्पा, या वयात कामून?"

"मग काय म्हणाला?"

"हसला. म्हनला, बाटली डॉक्टरची, ओझं माझं."

त्याच्या ढिगातून आम्ही सात बाटल्या पंचांसमक्ष जप्त केल्या. सातही यादीतल्या. पंचनामा झाला, मुद्देमाल ठाण्याच्या लोखंडी कपाटात गेला आणि मी अप्पांना उचलून आणलं.

चौकशीला बसले तेव्हा ते घाबरलेले नव्हते, उलट चिडलेले होते.

"चावी कुणाकडं असती, अप्पा?"

"एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं."

"मग बाटल्यांना पाय फुटले का?"

"डॉक्टरच पेलेत की. मोकळी झाली का मला देत्यात, ने म्हणत्यात. नेतो."

"यादीत तर बाटल्या जागेवर हायत."

"यादी कुणी लिवली?"

"डॉक्टरांनी."

"मग त्यांनाच इचारा. मला कामून धरलाव?"

शेजारचा शिपाई म्हणाला, "अप्पा, एखाद्या दिवशी चव तरी घेतली असंल की."

"तुझ्या सासऱ्याला इचार," अप्पा म्हणाले. "चवीचं त्याला ठावं."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला राग आला. ठाण्यात बसून उलट उत्तर देणारा माणूस कसलेला असतो, असं आम्ही धरून चालायचो. निर्दोष माणूसही तसाच बोलतो, कारण त्याच्याजवळ लपवायला काही नसतं. हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

मी अटक दाखवली. लॉकअपमध्ये घालण्याआधी अंगझडती होते. गळफासाच्या भीतीने करदोडा, पट्टा, गळ्यातला गोफ, जे दोऱ्यासारखं असेल ते काढून घेतात. अप्पांच्या गळ्यात शिवदोऱ्यात चांदीची डबी होती, डबीत इष्टलिंग. ज्याला दीक्षा झाली आहे तो ते जन्मभर अंगावेगळं करत नाही. लिंग अंगावर नसेल तर तो पाण्याचा थेंबही घेत नाही. आमच्याकडच्या ठाण्यांत यासाठी एक सरळ रीत होती: दोरा काढून ठेवायचा आणि डबी आरोपीच्या हातात द्यायची. कायद्याचंही काम होतं, माणसाचंही.

मी ती रीत पाळली नाही. डबी कपाटात ठेवली, त्या सात बाटल्यांच्या शेजारी. लॉकअपच्या गजांमधून ते कपाट समोर दिसत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या महिला हेड कॉन्स्टेबल माझ्या टेबलाशी आल्या. संगणकाचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. वीस वर्षांची नोकरी झालेली बाई, विनाकारण बोलणाऱ्या नव्हत्या.

"सर, अप्पांनी कालच्या दुपारपून पाणी घेतलं न्हाई."

"मग द्या की."

"तसं न्हाई घेत ते. तुमाला ठावं हाय."

"तुमचं काम करा, बाई."

त्या गेल्या. मला ठाऊक होतं, हे खरं. माझं बालपण लिंगायत आळीत गेलं. शेजारच्या अक्का पूजा झाल्याशिवाय चुलीवरचा चहासुद्धा उतरवून घेत नसत. प्रशिक्षण केंद्रात ही केस सांगताना मी इथे म्हणायचो, 'थोड्या दबावानंतर आरोपीने कबुली दिली.' दबाव म्हणजे हा. दुपारी बाराला, चाळीस अंशांच्या उन्हात, अप्पांनी कोरड्या जिभेने कबुलीचा कागद मागितला. त्यात काय लिहिलंय ते विचारलं नाही. सही केली आणि हात पुढे केला.

मी डबी दिली. अंगणातल्या नळाखाली त्यांनी अंघोळ केली, ओल्या धोतरानेच भिंतीकडे तोंड करून बसले, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. मग पाणी प्यायले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. गावात मात्र तीच चालते. जामिनावर सुटून अप्पा घरी पोचण्याआधी बातमी खजुरीत पोचली होती.

दोषारोपपत्रासाठी प्रत्येक बाटलीचं वर्णन लागणार होतं. ते काम मी हेड कॉन्स्टेबलबाईंना दिलं. त्या डॉक्टरांच्या अ‍ॅपवर एकेक बाटली उघडून वर्णन उतरवून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी टॅबलेट घेऊन आल्या.

"सर, हे वाचा."

"इंग्रजी मी कुठं वाचत बसू, तुम्हीच सांगा."

"ही यादीतली तिसरी बाटली. हिच्याखाली लोकांनी लिहिलंय, चव कशी हाय, वास कसा हाय. त्यात हा अभिप्राय बघा. नाव बघा."

नाव डॉक्टरांचं होतं. तारीख फिर्यादीच्या सव्वा महिना आधीची. लिहिलं होतं की ही बाटली मी जांभ्या दगडाच्या खोलीत अनेक वर्षं ठेवली, आज संध्याकाळी उघडली, थोडं आधी उघडायला हवी होती. सोबत फोटो होता: बाटली, पेला आणि मागे डॉक्टरांच्या व्हरांड्याची जाळी.

अकरापैकी नऊ बाटल्यांखाली डॉक्टरांचेच अभिप्राय निघाले. एकावर कुणा परदेशी माणसाने प्रश्न विचारला होता आणि डॉक्टरांनी त्याला सविस्तर उत्तरही दिलं होतं. अभिप्राय लिहिणं वेगळं आणि साठ्यात 'संपली' ही खूण करणं वेगळं. डॉक्टर पहिलं मनापासून करत होते, दुसरं विसरत होते. ज्या यादीला मी पुरावा मानलं, तिच्या पुढच्याच पानावर अप्पांची सुटका लिहिलेली होती. ते पान मी एकदाही उघडलं नव्हतं.

आम्ही दोघं शेतघरी गेलो. डॉक्टरांनी चष्मा लावून नऊच्या नऊ अभिप्राय वाचले.

"माझेच आहेत," ते म्हणाले. "शब्द माझेच आहेत. पण यातली एकही संध्याकाळ मला आठवत नाही."

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. "मला शंका येतच होती," त्या म्हणाल्या. "आमटीत दोनदा मीठ घालायचे. मी म्हटलं, वय झालं." उरलेल्या दोन बाटल्या त्यांनीच खाली जाऊन शोधल्या. चुकीच्या खणात होत्या, सीलबंद.

डॉक्टरांनी हात जोडले. विसरभोळेपणाच्या आजाराची बातमी पसरू नये, एवढंच मागणं होतं. मी कबूल झालो आणि त्यात त्यांच्यावर मोठे उपकार करतोय असं दाखवलं. खरं कारण वेगळं होतं. प्रकरण उघडलं असतं तर न केलेल्या गुन्ह्याची कबुली अप्पांनी कशी दिली, हा पहिला प्रश्न मलाच विचारला गेला असता. मी बी रिपोर्ट पाठवला, म्हणजे गुन्हाच घडला नाही असा अंतिम अहवाल: फिर्याद गैरसमजातून. कोर्टाने तो मान्य केला. अप्पांना कळवण्याचं पत्र टपालाने गेलं. मी गेलो नाही.

डॉक्टर गेल्या वर्षी वारले. शेवटची वर्षं त्यांच्या पत्नी रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून अ‍ॅपवरच्या नोंदी दुरुस्त करून घेत. ते गेल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आता लिहायचं असेल तर लिहा. त्यांना कुणी नावं ठेवणार नाही." जाताना म्हणाल्या, "अप्पांकडे जाऊन आलात का?"

गेलो. अप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. ओसरीवर बसले होते. सुनेने पाण्याचा तांब्या आणला.

"घ्या. वळखलं मी तुमाला," ते म्हणाले. "कामून आलाव?"

मी सांगितलं: तुम्ही निर्दोष होता, बाटल्या डॉक्टरांनीच उघडल्या होत्या, माझी चूक झाली.

"ते मला पयल्या दिसापून ठावं हाय. तुमच्या तोंडून कळायची गरज न्हाई."

"मग काय करू, अप्पा?"

त्यांनी सुनेला आतून एक पिशवी आणायला लावली. तिच्यात केसच्या कागदांच्या नकला होत्या, वकिलाकडून घेतलेल्या. घडीवर फाटायला आलेला एक कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. अंगझडतीचा पंचनामा होता, माझ्या सहीचा. कन्नडमधल्या त्या कागदात एक ओळ होती: आरोपीने अंगावरील लिंग स्वखुशीने काढून दिले.

हे वाक्य छापील नमुन्यासारखं आम्ही प्रत्येक पंचनाम्यात लिहायचो. घड्याळ असो, अंगठी असो.

"हे आमच्या मठात वाचून दाखवलं एकानं," अप्पा म्हणाले. "चोरीचं लोक इसरले. दारूचं बी इसरले. जत्रेला दासोहात, समद्यांच्या पंगतीत, गव्हाची गोड हुग्गी वाढायचा पळा माझ्या हातात असायचा, बापाच्या हातात असायचा. त्या वर्षी दुसऱ्यानं घेतला. कुणी न्हाई बोललं काई. ज्यानं आपल्या हातानं लिंग उतरवून दिलं, त्याच्या हातानं कोण वाढून घेईल?"

"कागद कोर्टात जमा आहे, अप्पा. आता बदलता येत नाही."

"मग दुसरीकडं लिवा. तुमाला लिवायला येतंय की. त्या दिशी लई भराभर लिवत होताव."

सून म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या आता." अप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले, मी 'लिहितो' म्हणेपर्यंत.

नव्या फौजदारांना या केसमधून मी सांगायचो की तांत्रिक पुरावा पूर्ण वाचा. ते खरंच आहे. यादी तिच्या मालकाला जेवढं आठवतं तेवढंच सांगते, म्हणून यादीसोबत माणसंही वाचावी लागतात. पण मी शिकलो ते याच्यापेक्षा साधं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत आली. डॉक्टरांच्या चुकीने अप्पांच्या नावावर फिर्याद झाली, आणि ती फिर्याद निकालीही निघाली. माझ्या चुकीचा कागद राहिला, कारण तो चूक नव्हताच. तो मी जाणून खोटा लिहिला होता.

म्हणून हा मजकूर. त्या दिवशी दुपारी, पंचांसमक्ष, अप्पांनी लिंग काढून दिलं नाही. दोन्ही मुठींत डबी धरून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दोन शिपायांनी त्यांचे हात धरले. शिवदोरा मी माझ्या हाताने कापला आणि डबी त्यांच्या मुठीतून ओढून घेतली. ते मोठ्याने नको नको म्हणत होते. पंचांनी ते ऐकलं, मीही ऐकलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आहे, वाचून पाहिला आहे, आणि तो खरा आहे.