तोंडी बडतर्फी, हातचा चहा

माझ्या धाकट्या मेहुण्याचा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना आहे. तिथे बाटल्यांना झाकणे बसवणारी यंत्रे तयार होतात. त्या कारखान्यात माणसाला कामावरून काढण्याची जी पद्धत आहे, ती या देशातल्या कोणत्याही कायद्यात सापडणार नाही. मालक संतापतो. यंत्रांच्या मधोमध उभा राहून ओरडतो, "उद्यापासून यायचं नाय!" ज्याला उद्देशून हे म्हटले जाते तो "बरं मालक" म्हणतो, हात पुसतो आणि पाळी संपेपर्यंत काम करून घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर हजर असतो. सकाळचा चहा आला की मालक स्वतः उठतो, थर्मासमधून एक कप भरतो आणि त्याच्या हातात देतो. बडतर्फी रद्द झाली. यावर कोणी अवाक्षर काढत नाही; काढणे असभ्यपणाचे समजले जाते.

मी आयुष्यभर एका मोठ्या कारखान्याच्या कार्मिक विभागात नोकरी केली. आधी कारणे दाखवा नोटीस, मग खुलासा, मग चौकशी, मग आदेश, ही माझी संध्या होती. माझे वडील निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत उर्दूत दप्तर लिहीत. पोलीस ॲक्शननंतर तेच दप्तर ते मराठीत लिहू लागले. राज्य बदलले, लिपी बदलली, पण त्यांचे एक वाक्य बदलले नाही: "जुबानी हुकूम वाऱ्यावर जातो." अशा घरात वाढलेल्या माणसाला तो चहा पाहून काय वाटत असेल, याची कल्पना करावी. मेहुणा आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. तरीही या विषयावर मी त्याला रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली आहेत. त्यांची पोच मिळाली. उत्तर मिळाले ते तोंडी.

"दाजी, ह्याला कायदा नाय लागत. साखर लागती."

असे चालले असतानाच त्याचे पहिले यंत्र परदेशी गेले. जर्मनीतल्या एका खेड्यात सफरचंदाचा रस काढणाऱ्या एका गृहस्थाने ते घेतले. यंत्राच्या पेटीला हार घातला, नारळ फुटला, सगळा कारखाना ट्रकमागे फाटकापर्यंत चालत गेला. तिकडे यंत्राची देखभाल करायला माणूस हवा, म्हणून मेहुण्याने तिथलाच एक अनुभवी फिटर नेमला. नेमला म्हणजे फोनवर "उद्यापासून या" म्हणाला.

"नेमणूकपत्र दिलंत का?" मी विचारले. मी संतापलो की धाकट्यांनाही अहोजाहो करतो.

"कशाला? तो आपल्याकडं नाय, तिकडं हाय. आपला कायदा त्याला लागत नाय, तिकडचा आपल्याला लागत नाय. मधल्यामधी मोकळं!"

मधल्यामध्ये मोकळी अशी जागा या पृथ्वीवर नाही. माणूस जिथे राहून घाम गाळतो, तिथला कायदा त्याच्या मालकाला जाऊन गाठतो. मग मालक वाळूजला बसलेला असो की वेरूळच्या लेण्यात. मी तिकडच्या एका हिशेबनिसाशी पत्रव्यवहार सुरू केला. माझे इंग्रजी जुन्या सरकारी वळणाचे आहे, त्याचे शाळेत शिकल्यासारखे होते. आमचे उत्तम जमले. त्याच्याकडून कळले की एकाच माणसासाठीदेखील मालकाने तिथे नोंदणी करायची असते. आजारपणाचा, म्हातारपणाचा आणि बेकारीचा विमा. त्यात मालकाचा वाटा. कामावर अपघात झाला तर त्याचा विमा वेगळा. भरपगारी रजा ठरलेली, आजारपणाचा पगार ठरलेला, आणि दर महिन्याला कपाती दाखवणारी पगारपट्टी.

"दाजी," मेहुणा डोक्याला हात लावून म्हणाला, "तो आजारी पडला तर पगार, फिरायला गेला तर पगार. मग काम कधी करनार?"

"उरलेल्या दिवसांत. आणि त्या दिवसांत तो कामच करतो."

माझी पत्नी आतून म्हणाली, "सही कर रे बाबा. नाहीतर उद्या पुन्हा रजिस्टर येईल, आणि पोस्टमनला पाणी मलाच द्यावं लागतं."

त्याने नेमणूकपत्रावर आणि नोंदणीच्या कागदांवर सही केली. सगळे रीतसर झाले. मला वाटले, एवढ्या कागदांच्या तटबंदीत आता कोणतीही चूक शिरणार नाही. ती फोनमधून शिरली.

मेहुण्याच्या कारखान्याची सुट्टी, वसाहतींना वेगवेगळे वार वाटून देणाऱ्या जुन्या वीजवाटपाच्या शिस्तीप्रमाणे, शुक्रवारी असते. रविवार हा त्याच्या लेखी भर कामाचा दिवस. अशाच एका रविवारी रसवाल्याचा निरोप आला: यंत्र झाकणे तिरकी बसवते आहे, सफरचंदांच्या गाड्या यायला लागल्या आहेत, आठवड्यात दुरुस्त झाले नाही तर यंत्र परत पाठवून जुनेच लावीन. मेहुण्याने फिटरला फोन केला. फिटर शांतपणे म्हणाला, आज रविवार आहे, उद्या सकाळी जातो. वास्तविक गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मेहुण्याच्या डोळ्यांसमोर हार घातलेली पेटी परत येताना दिसत होती. तो आपल्या इंग्रजीत ओरडला, उद्यापासून येऊ नकोस!

त्याचे मन मोकळे झाले. तो जेवला, झोपला. सोमवारी त्याने फिटरच्या फोनची वाट पाहिली. मंगळवारी रसवाल्याचाच फोन आला: तुमचा माणूस कुठे आहे?

संध्याकाळी मेहुणा आमच्या ओट्यावर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"दाजी, तो आलाच नाय."

"तुम्हीच येऊ नको म्हणालात."

"अहो, पण म्हणून कुणी येत नाय का?"

त्याच्याबरोबर कारखान्यातला जुना फोरमन आला होता. त्याची बडतर्फी इतक्या वेळा झाली आहे की त्याला वेगळे निवृत्त करावे लागेल की नाही, हा प्रश्नच आहे. तो म्हणाला, "मालक, त्याला आपली रीत कोण सांगनार? त्यानं खरंच मानलं की वो. बिचारा घरी बसला असल."

मी रात्रीच हिशेबनिसाला ईमेल केला, आणि सकाळी त्याचे उत्तर वाचताना मला वडिलांचा आवाज ऐकू आला. त्या देशात तोंडी बडतर्फी ही बडतर्फीच नव्हे. आदेश कागदावर हवा आणि त्याखाली शाईची सही हवी. फोन, ईमेल, काही चालत नाही. जुबानी हुकूम वाऱ्यावर! म्हणजे फिटर अजून आमचाच होता, आणि आम्हीच त्याला येऊ नको म्हटल्यामुळे घरी बसूनही पगारावर होता. मी मेहुण्याला म्हटले, "कामावर या, असं त्याला स्पष्ट सांगा. एक वाक्य."

"सांगतो की," तो म्हणाला आणि माझ्यासमोरच फोन लावला. तब्येत विचारली. थंडी पडली का विचारले. पोरे शाळेत जातात का विचारले. शेवटी अत्यंत प्रेमाने विचारले, "जेवण झालं का?" आणि समाधानाने फोन ठेवला. "झालं मिटलं!"

काही मिटले नव्हते. तिकडच्या माणसाला एका बडतर्फ माणसाच्या जेवणाची चौकशी करणारा मालक तेवढा कळला. गुरुवार उजाडला तरी तो गेला नाही. रसवाल्याचे शब्द आता आखूड होऊ लागले होते.

त्या दिवशी मी जे पत्र लिहिले, ते माझ्या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत लहान आहे. 'रविवारी फोनवर उच्चारलेले शब्द मी मागे घेतो. आपली नोकरी अखंड चालू आहे. कृपया उद्या सकाळी कामावर यावे.' मेहुणा पेन हातात धरून बसून राहिला.

"मालकानं माफी लिहून द्यायची?"

"माफी कुठे आहे यात? शब्द मागे घ्यायचे आहेत."

"चहा दिला असता हो मी."

"जर्मनीपर्यंत थर्मास पोहोचत नाही."

माझी पत्नी भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पेटीला हार तूच घातला होतास ना? मग ती परत आली तर उतरवायलाही तूच जा. आम्ही कोणी येणार नाही."

त्याने सही केली. पत्र ईमेलने त्याच क्षणी गेले. मूळ प्रत मी माझ्या समाधानासाठी कुरिअरने धाडली. तासाभरात फिटरचे उत्तर आले. तो उद्या सकाळी जाईल. मात्र आणीबाणी सोडून रविवारी फोन येणार नाहीत, एवढे लेखी मिळावे. या माणसाविषयी माझ्या मनात तत्क्षणी जो आदर दाटून आला, तो माझ्या फार थोड्या नातेवाइकांच्या वाट्याला आला आहे. मी ते कलम आनंदाने लिहून दिले. शुक्रवारी दुपारी झाकणे सरळ बसू लागली आणि यंत्र तिथेच राहिले.

हिवाळ्यात तो फिटर नवीन यंत्र शिकून घ्यायला वाळूजला आला. उंच, मितभाषी, खिशात छोटी मोजपट्टी. पहिल्याच दिवशी मेहुण्याचा फोरमनवर भडका उडाला, "उद्यापासून यायचं नाय!" फोरमन "बरं मालक" म्हणाला. पाहुण्याला अर्थ कळला तो सुरावरूनच. तो मला बाजूला घेऊन विचारू लागला, या माणसाला कोणी वकील आहे का? मी म्हटले, सकाळपर्यंत थांबा.

सकाळी फोरमन आला. मेहुणा उठला, कप भरला, त्याच्या हातात दिला. फोरमनने फुंकर मारून घोट घेतला. मी पाहुण्याला सगळा विधी समजावून सांगितला. त्याने वाकून थर्मास नीट न्याहाळला. मला वाटते, त्याला तो जेवणाचा फोन आठवत असावा.

तेवढ्यात आतिथ्याच्या भरात मेहुण्याने आणखी एक कप भरला आणि स्वतःच्या हाताने पाहुण्यापुढे धरला. सगळा कारखाना खो-खो हसू लागला. "आरं, ह्यालाबी काढला का काय!" फोरमन ओरडला. मी ते पाहुण्याला इंग्रजीत सांगितले.

पाहुण्याने कप घेतला नाही. हात मागे बांधून, अतिशय गंभीर चेहऱ्याने त्याने मेहुण्याला विचारले, "लेखी आहे का?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी खिशातून पेन काढून पुढे केले.